नुसतं बघताना डोक्यात काय शिजतं?

गणपती चार दिवसांवर आले होते. दिंडोशीच्या आमच्या घरात मखराची तयारी चालू होती. माळ्यावरून काढलेली दिव्यांची माळ चालते की नाही ते बघायला माझ्या भाचीनं तिची पिन भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचली आणि लाल दिवे लुकलुकायला लागले. बाहेर संध्याकाळ झाली होती. राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या काळ्या पडल्या होत्या, महामार्गावरून मेट्रो सरकत होती आणि आमची सहावीतली बाई मांडी घालून त्या माळेकडे टक लावून बसली होती.

"नुसती बघत काय बसलीस? काहीतरी कर!" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

भाचीनं माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, नुसतं बघणं म्हणजे काहीच न करणं असतं का गं?"

मित्रमैत्रिणींनो, मला हा प्रश्न इतका आवडला की हातातले कात्री-कागद मी बाजूलाच ठेवले. कारण नुसतं बघताना डोक्यात काय काय शिजतं ते शास्त्रज्ञांनी खरोखर मोजलंय. कवटी न उघडता आणि सुई न टोचता! कसं, ते तिला सांगितलं तसंच तुम्हालाही सांगते.

डोळे पुढे, बघणं मागे

आधी एक हात डोक्यामागे न्या. मानेच्या वर, कवटीच्या खालच्या भागात एक छोटा उंचवटा लागतो का? त्याच्या आसपास, कवटीच्या आतल्या बाजूला मेंदूचं दृष्टिकेंद्र आहे. आहे ना गंमत! डोळे चेहऱ्यावर आणि बघण्याचं काम थेट डोक्याच्या मागच्या टोकाला.

आमच्या घराजवळच दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. तिथे कॅमेरा नुसतं टिपायचं काम करतो. कुठला तुकडा कुठे जोडायचा, हे एडिटिंगच्या खोलीत ठरतं आणि मग सिनेमा तयार होतो. आपल्या डोक्यात डोळा हा कॅमेरा आणि मागचं दृष्टिकेंद्र ही एडिटिंगची खोली. माळेतला दिवा पेटला की डोळ्यातून संदेश निघतो, मज्जातंतूंवरून मागे पोचतो आणि तिथल्या असंख्य पेशी कामाला लागतात. तेव्हा कुठे आपल्याला दिवा 'दिसतो'.

काम म्हटलं की इंधन आलंच. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या शंभरातले जेमतेम दोन भाग. पण हा पठ्ठ्या शरीराच्या एकूण ऊर्जेतले शंभरातले वीस भाग एकटा खातो! त्याचं मुख्य अन्न म्हणजे ग्लुकोज, रक्तातली साखर. पोळी-भात खाल्ला की त्यातूनच ती मिळते.

साखर गेली कुठे?

१९८८ साली अमेरिकेत पीटर फॉक्स, मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक कोडं पडलं. माणसांना लुकलुकणारी चित्रं दाखवून ते दृष्टिकेंद्रातला खर्च मोजत होते. बघताना तिथला साखरेचा वापर जवळजवळ दीडपट झाला. पण साखर पूर्ण जाळायची तर ऑक्सिजनही तितकाच जास्त लागायला हवा ना? तो वाढला होता शंभराला फक्त पाचनं!

शेगडीत कोळसा दीडपट घातला आणि हवा मात्र जवळजवळ होती तेवढीच, असाच हा प्रकार. मग उरलेल्या साखरेचं झालं काय?

याचं एक उत्तर तुमच्या पायांत आहे. खो-खोमध्ये जीव तोडून पळताना स्नायूंना घाई असते. तेव्हा ते ऑक्सिजनची वाट न बघता साखर अर्धवट फोडतात आणि झटपट थोडी ऊर्जा मिळवतात. त्या अर्धवट फोडलेल्या साखरेतून एक पदार्थ तयार होतो, त्याचं नाव लॅक्टेट. बघताना मेंदूही अशीच घाई करत असेल, तर दृष्टिकेंद्रात लॅक्टेट वाढलेलं सापडायला हवं!

"मग थोडं काढून बघायचं," भाची म्हणाली.

"कुठून? जिवंत माणसाच्या मेंदूतून?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाहेरून ओळखता येतं?"

येतं. पण डोळ्यांनी बघून नाही. ऐकून.

भोवऱ्यांचं गाणं

एमआरआयचं यंत्र तुम्ही चित्रात पाहिलं असेल. मोठी गोल भुयारासारखी नळी आणि तिच्याभोवती प्रचंड ताकदीचं चुंबक. मोठ्या रुग्णालयांत बऱ्याचदा ३ टेस्लाचं यंत्र असतं. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक. आपल्या मुंबईत होकायंत्राची सुई वळवणारं पृथ्वीचं जे चुंबकत्व आहे, त्याच्या साधारण सत्तर हजारपट ही ताकद झाली. म्हणून त्या खोलीत जाताना किल्ल्या, पिना, घड्याळ, सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं.

आता शरीराच्या आत डोकावू. पाण्यात हायड्रोजन असतो. साखरेत, चरबीत आणि लॅक्टेटमध्येही असतो. हायड्रोजनच्या अणूच्या मधोमध असलेला इवलासा कण एखाद्या भोवऱ्यासारखा वागतो. चुंबकात ठेवला की तो ठरावीक वेगानं डुलायला लागतो. ३ टेस्लाच्या यंत्रात हा वेग सेकंदाला जवळजवळ १२ कोटी ८० लाख वेळा इतका असतो! तुमचा एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर लागतो. हे भोवरे त्याच्या थोडं पुढे, १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास असतात. म्हणजे शरीरातला हायड्रोजन जणू एक रेडिओ स्टेशनच.

यंत्र आधी त्याच वेगाच्या रेडिओलहरीची एक टिचकी मारतं. भोवरे कलतात आणि टिचकी थांबली की स्वतःच बारीक रेडिओलहरी सोडतात. डोक्याभोवतीचं तारेचं वेटोळं त्या पकडतं. (एमआरआयमध्ये जो कानठळ्या बसवणारा ठक-ठक आवाज येतो, तो यंत्रातल्या वेटोळ्यांच्या थरथरण्याचा. अणूंचं गाणं कानाला ऐकू येत नाही.)

पण सगळेच हायड्रोजन एकाच सुरात गात असतील, तर लॅक्टेट कुठलं आणि पाणी कुठलं, हे कळणार कसं?

तीन सुरांचा शोध आणि आपली मुंबई

इथे गोष्ट आपल्या शहराकडे वळते. १९५१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत तीन जण काम करत होते: अर्नोल्ड, पॅकार्ड आणि भारतातून गेलेले एस. एस. धर्मट्टी. त्यांनी साधं इथाइल अल्कोहोल चुंबकात ठेवलं. हात स्वच्छ करायच्या सॅनिटायझरमध्ये बहुतेक वेळा हेच अल्कोहोल असतं. त्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात, पण ते वेगवेगळ्या जागी राहतात. तीन एकत्र, दोन एकत्र आणि एक एकटा.

आणि काय आश्चर्य! एकाच सुराऐवजी तीन सूर निघाले. त्यांचा जोरही तीनास दोनास एक असाच. जणू रेणूनं आपल्या घरात कोण कुठे राहतं, हे गाऊन सांगितलं!

असं का होतं? प्रत्येक हायड्रोजनभोवती इलेक्ट्रॉनचं विरळ पांघरूण असतं. शेजारी कोण आहे त्यावर ते कुठे जाड होतं, कुठे पातळ. जाड पांघरुणाखाली चुंबकाची ताकद किंचित कमी पोचते, म्हणून तो भोवरा किंचित हळू डुलतो आणि सूर जरासा उतरतो. पाणी आणि लॅक्टेट यांच्या सुरांतला फरक १२ कोटी ८० लाखांत जेमतेम ४३० चा. पण यंत्राला तो ओळखता येतो. पदार्थाला हात न लावता सुरावरून ओळखायच्या या विद्येला म्हणतात चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटशास्त्र. हा शब्द उच्चारताना दमलात तर 'एमआरएस' म्हणा!

चुंबकातल्या या भोवऱ्यांच्या संशोधनासाठी ब्लॉख आणि पर्सेल या दोन शास्त्रज्ञांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. धर्मट्टी मुंबईला परतले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी १९५० च्या दशकात या विद्येची प्रयोगशाळा उभी केली आणि भारतात हे संशोधन रुजलं. आज ही संस्था कुलाब्याला आहे, म्हणजे आमच्याजवळच्या मालाडहून लोकलनं चर्चगेट आणि तिथून बसनं पुढे. जगभरात मेंदूचं रसायन ज्या तीन सुरांच्या शोधामुळे ऐकता येतं, तो लावणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या मुंबईत काम करत होता, हे मला फार अभिमानाचं वाटतं.

ढोलांत हरवलेला टाळ

"म्हणजे डोकं यंत्रात घातलं की लगेच लॅक्टेट ऐकू येतं?" भाचीनं विचारलं.

नेमका तेव्हाच खाली मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. मी म्हटलं, "आता त्या गर्दीत एक छोटी मुलगी टाळ वाजवत असेल, तर तिचा आवाज येईल तुला?"

मेंदूत अडचण हीच आहे. पाणी हा तिथला ढोल. त्याचा आवाज बाकीच्या रसायनांच्या जवळजवळ दहा हजारपट मोठा. त्यावर शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती बघा. आधी फक्त पाण्याच्याच सुराच्या टिचक्या मारायच्या आणि पाण्याचे भोवरे असे विस्कटून टाकायचे की त्यांना एका सुरात गाताच येऊ नये. ढोल थांबले, की टाळ ऐकायचा.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. लॅक्टेटचा सूर चरबीच्या सुराला अगदी चिकटून असतो आणि डोक्याच्या कातडीखाली चरबी असते. म्हणून ऐकायचा तुकडा जपून निवडावा लागतो. साधारण दोन सेंटिमीटर बाजूचा, चौकोनी खोबऱ्याच्या वडीएवढा आणि कातडीपासून थोडा आत.

तिसरी अडचण म्हणजे खरखर. टाळाचा आवाज इतका बारीक की एकदा ऐकून खात्री होत नाही. मग पुन्हा पुन्हा ऐकायचं. समजा, दर ५ सेकंदांनी एकदा असं ६४ वेळा ऐकलं, तर ३२० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं २० सेकंद लागतात. खरा सूर दर वेळी सारखाच असतो, म्हणून तो ६४ पट होतो. खरखर कधी वर, कधी खाली. तिची आपापसातच काटाकाट होते आणि ती फक्त ८ पट वाढते. सूर ६४ पट, खरखर ८ पट, म्हणजे आवाज आठपट स्वच्छ! (८ गुणिले ८ किती? बरोबर. वर्गमूळ उगीच शिकवत नाहीत शाळेत!)

हे चालू असताना डोकं मात्र अजिबात हलवायचं नाही.

अंधार, उजेड, वजाबाकी

आता खरा प्रयोग. माणूस नळीत झोपलाय. आधी काही मिनिटं अंधार किंवा एकच स्थिर ठिपका. यंत्र सूर नोंदवतं. मग समोर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी लुकलुकायला लागतात. यंत्र पुन्हा नोंदवतं. शेवटी दोन्ही नोंदी घ्यायच्या आणि एकीतून दुसरी वजा करायची. उरेल ते 'बघण्याचं' रसायन.

१९९१ साली येल विद्यापीठात प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांसमोर प्रकाश लुकलुकवून दृष्टिकेंद्र ऐकलं. लॅक्टेटचा सूर पहिल्या काही मिनिटांतच वाढला! कोड्याचं उत्तर खरंच तिथे होतं.

त्यानंतर २००७ साली मिनेसोटा विद्यापीठात सिल्व्हिया मांजिया आणि त्यांच्या चमूनं ७ टेस्लाचं यंत्र वापरलं. चुंबक जितकं ताकदवान, तितके सूर एकमेकांपासून लांब जातात आणि ओळखायला सोपे होतात. त्यांना दिसलं की बघताना लॅक्टेट साधारण पाचव्या हिश्श्यानं वाढतं. ग्लुटामेट नावाचं रसायनही शंभराला सुमारे तीननं वाढतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते मुख्यतः याच ग्लुटामेटमधून.

पाचवा हिस्सा म्हणजे किती, याचा हिशेब मी आणि भाचीनं मिळून केला. खोबऱ्याच्या वडीएवढ्या त्या तुकड्यात सगळं मिळून लॅक्टेट किती असेल? बारीक मिठाचे डझनभर कण, इतकंच. आणि लुकलुक बघून त्यात भर पडते ती आणखी दोन-तीन कणांची! भाचीनं स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून काळ्या कागदावर तीन कण वेगळे केले. "एवढंसं? कवटीच्या बाहेरून?" ती पुटपुटली. हो, एवढंसंच.

शास्त्रज्ञ इथेच खूश होऊन थांबले नाहीत, हे मला सगळ्यात आवडतं. बघताना दृष्टिकेंद्रात ताजं रक्त जास्त येतं आणि त्यामुळे सगळ्याच सुरांच्या रेघा आलेखावर किंचित बारीक आणि टोकदार होतात. एक फोटो स्पष्ट आणि एक पुसट असताना कुणाचं नाक मोठं ते ठरवू नये, तसंच हे. म्हणून ते स्पष्ट नोंद मुद्दाम तेवढीच पुसट करतात आणि मगच वजाबाकी करतात. फरक खरा आहे की आपल्यालाच तसा भास होतोय, हे आधी तपासतात.

आणि अजून सगळं उलगडलेलं नाही. मेंदूतल्या ताऱ्याच्या आकाराच्या मदतनीस पेशी लॅक्टेट तयार करून निरोप देणाऱ्या चेतापेशींना खाऊ म्हणून पोचवत असाव्यात, डबेवाल्यानं डबा पोचवावा तशा, अशी कल्पना ल्यूक पेलेरिन आणि पिएर मॅजिस्ट्रेटी यांनी १९९४ साली मांडली. ती कितपत खरी यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्यासाठीही काम शिल्लक आहे, काळजी नको!

या ऐकण्याचा आजारी माणसांनाही उपयोग होतो. मेंदूतल्या गाठीच्या रसायनाचे सूर निरोगी भागापेक्षा वेगळे लागतात आणि डॉक्टरांना निदानाला मदत होते. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. विसरभोळेपणाच्या आजारात, म्हणजे अल्झायमरमध्ये, ग्लुटाथायोन या मेंदूचं रक्षण करणाऱ्या रसायनाचं काय होतं, ते तिथल्या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीनं अभ्यासलं.

घरचा जलतरंग

आता तुमची पाळी. लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे मात्र मुद्दाम एकटक बघत राहू नका. काही मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. आपण कानांनी प्रयोग करू.

चार सारख्या चिनी मातीच्या वाट्या घ्या. प्रत्येकीत वेगवेगळं पाणी भरा. लाकडी चमच्यानं कडेवर हलकेच टिचकी मारा. पाणी जास्त तितका सूर खालचा. या चार वाट्या म्हणजे चार रसायनं. आता डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला तरी कुठल्याही एका वाटीत दोन चमचे पाणी घालायला सांगा. डोळे न उघडता सांगायचं, कुठली वाटी बदलली?

आम्ही केलं. भाची डोळे मिटून बसली. मी तिसऱ्या वाटीत दोन चमचे पाणी घातलं आणि एकेक वाटी वाजवली. खाली ढोल दणाणत होते.

"पहिली!" ती म्हणाली. चुकलं.

डोळे मिटलेलेच ठेवून ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "मावशी, आधी खिडकी लाव." मी खिडकी लावली. "आता पाणी घातलंस ते काढ, आधीसारखं वाजव. मग परत घालून वाजव. आणि प्रत्येक वाटी खूप वेळा वाजव. म्हणजे मला वजाबाकी करता येईल."

मी सांगितल्याबरहुकूम केलं. टिण, टिण, टिण. ती बोटांवर मोजत होती.

तेवढ्यात ताई हात पुसत बाहेर आली. भाची डोळे मिटून, मान जराही न हलवता बसलेली. "अगं, आता तर बघतही नाहीयेस! काहीतरी करशील की नाही?"

"शू! आई, मी ऐकतेय," भाची म्हणाली आणि पुढच्याच क्षणी तिनं डोळे उघडून बोट रोखलं.

तिसऱ्या वाटीवर.